गृहसोबतीचा न निघालेला अंक

ऐकायचं असेल तर पाय शालीत घ्या आणि मधे फोन काढू नका. ही गोष्ट ऐकीव नाही. उत्तराताई देशकर आपल्या मागच्याच गल्लीत राहतात, तुमच्यातल्या निम्म्यांनी त्यांना सकाळी दूध आणताना पाहिलंय. त्यांनी ती स्वतःच्या तोंडानं सांगितली, एकदाच. परत विचारायचं नाही, असं बजावून.

गेल्या वर्षीची सात जानेवारी. मंगळवार, पौष शुद्ध अष्टमी. संक्रांतीला बरोबर एक आठवडा होता आणि थंडी अशी की रस्त्यावरचे चहावालेसुद्धा हात बगलेत घालून उभे होते.

उत्तराताई तेव्हा एकोणसाठच्या. मुलींच्या कॉलेजात गृहविज्ञान शिकवायच्या, मे महिन्यात रिटायर व्हायच्या होत्या. लग्न केलं नाही. पण दुसऱ्यांनी संसार कसा करावा हे सांगणारी जुनी पुस्तकं जमवायचा त्यांना भारी नाद. सासरी जाणाऱ्या मुलीला द्यायची उपदेशाची पुस्तकं, कपड्यांवरचे डाग काढायच्या चोपड्या, बाळंतिणीच्या आहाराचे तक्ते, विणकामाचे नमुने, स्टोव्ह विकत घेतला की त्याच्याबरोबर फुकट मिळायची ती पाककृतींची पातळ पुस्तकं. तीस वर्षं इतवारीतल्या रद्दीच्या दुकानांत बसून त्यांनी हे जमवलं. लोक हसायचे. एवढी शिकलेली बाई आणि लोणच्याची पुस्तकं गोळा करते, म्हणायचे.

मग नूपुर आली. नूपुर वैरागडे, कामठीची, एकतीस वर्षांची. शेअर ऑटोनं यायची-जायची. उत्तराताईंच्या हाताखाली पीएच.डी. केली. कागद कसा उलटायचा, वाळवीनं खाल्लेलं पान कसं सोडवायचं, शाई कोणत्या काळातली हे वासावरून कसं ओळखायचं, सगळं ताईंनी शिकवलं. आणि पोरगी अशी हुशार की दोन वर्षांत ताईंच्या पुढे गेली. ताईंना तीस वर्षांत न मिळालेली मासिकं तिनं मिळवली. स्कॅनर आणला. अनुदान आणलं. संक्रांतीच्या दिवशी कॉलेजात मोठं प्रदर्शन ठरलं, 'शंभर वर्षांचं मराठी घर'.

चार जानेवारीला शनिवारच्या पेपरात अर्धं पान आलं. नूपुरचा हसरा फोटो. हातात एकोणीसशे सव्वीसचं सारवणाचं पुस्तक, ते ताईंच्या स्वतःच्या कपाटातलं. खाली मजकूर... नूपुरनं असं शोधलं, नूपुरनं तसं वाचवलं. शेवटून दुसऱ्या ओळीत, 'एका ज्येष्ठ प्राध्यापिकेच्या संग्रहाचीही मदत झाली.'

एका ज्येष्ठ प्राध्यापिकेच्या.

ताईंनी ते अकरा वेळा वाचलं. राग आला असता तर बरं झालं असतं. राग आला की माणूस बोलून मोकळा होतो. हे तसं नव्हतं. सोमवारी स्टाफरूममध्ये नूपुरनं पेढे वाटले. सगळे तिच्याभोवती. ताईंनीही पेढा घेतला, छान झालं गं म्हणाल्या, आणि बाथरूममध्ये जाऊन तो थुंकून आल्या. कात्रण कापून पर्समध्ये ठेवलं होतं. वर्गात शिकवता शिकवता मधेच पर्सला हात लावून बघायच्या, आहे का. दुखरा दात जिभेनं चाचपतो ना आपण, तसं.

तर मंगळवारी दुपारी चारला विभागातला फोन वाजला. ताईंनी उचलला.

"नूपुर म्याडम हाये का?" बाईचा आवाज. "मी जिजाबाई बोलून राहिली, हनुमाननगरहून. गोपाळरावांच्या घरून. तुमी फोनवर म्हणलं होतं ना, जुनी पुस्तकं भेटली का सांगजा? माळ्यावर पेटी भेटली. उद्या सकाळी बिल्डरची माणसं सगळं रद्दीत नेऊन राहिले. आजच या."

गोपाळरावांचं घर! ताईंनी फोन कानाशी घट्ट धरला. हे गोपाळराव म्हणजे 'गृहसोबती' मासिकाचे संपादक. एकोणपन्नास ते चोपन्न, पाच वर्षं हे मासिक नागपुरातून निघालं आणि अचानक बंद पडलं. त्याचे सगळे अंक नूपुरनं मिळवले होते. भिंतीवर तिचा तक्ता होता, अंकाअंकाला एक चौकोन. फक्त शेवटचा चौकोन कोरा होता. जानेवारी चोपन्न, पौष अंक. छापला गेला म्हणतात, पण वाचकांना कधी मिळाला नाही.

शेजारच्या खोलीत नूपुर होती. भिंतीपलीकडून तिचं हसणं ऐकू येत होतं.

"म्याडम? नूपुर म्याडमच ना?"

"हो," उत्तराताई म्हणाल्या. "मीच बोलते. संध्याकाळी येते."

फोन ठेवला.

सातच्या सुमारास त्या स्कूटीनं हनुमाननगरात पोचल्या. बैठं घर, सपाट छताचं, पुढे वाळलेली बाग. मालक पुण्याला, घर सहा वर्षं बंद. वीज तेवढी चालू ठेवली होती. गॅस, पाणी सगळं तोडलेलं. राखणीला जिजाबाई, कुहीकडची, साठीची बाई, मागच्या एका खोलीत राहायची.

"या, नूपुर म्याडम." जिजाबाईनं स्वेटरच्या बाह्या खाली ओढत दार उघडलं. "मले वाटलं तुमी लहान असान."

ताई नुसत्या हसल्या.

जिजाबाईनं आपल्या खोलीतून चहा करून आणला. व्हरांड्यात दोघी कप घेऊन बसल्या. ताईंनी सहज विचारलं, "तुम्ही पाहिला असेल ना हा संसार? गोपाळरावांच्या वेळचा?"

"मी नाही. माही सासू होती इथं कामाले. ती सांगे." जिजाबाईनं कप खाली ठेवला. "मासिकात यमुताईचा फोटो राहे. यमुताई म्हणजे गोपाळरावाची बायको. मोठी नथ, डोक्यावर पदर. खाली लिहून राहे, यमुताईचा सल्ला. पापड कसे कराव, लेकराले न्हाऊ कसं घालाव. गावोगावहून बायांची पत्रं येत. अन् यमुताईले तर साधं वरण जमे नाही."

"मग लिहायचं कोण?"

"गोपिकाबाई. गोपाळरावाच्या मोठ्या भावाची बायको. विधवा. भिवापूरची लेक. सारं घर तिच्या हातावर. सकाळी रांधे, दुपारी लिहे. विधवेचं नाव सुवासिनींच्या मासिकात कसं देऊ, असं गोपाळराव म्हणे. फोटो यमुताईचा, नाव यमुताईचं." जिजाबाई थांबली. "पाच वर्षं गोपिकाबाई काही बोलली नाही. मंग त्या संक्रांतीले... छापखान्यातून सारे अंक घरी आले. टपालात टाकाले. अन् रातभर बसून तिनं एक-एक अंकातलं यमुताईचं नाव खोडलं."

"सगळ्यांतलं?"

"सगळ्यांतलं. अन् बाई, खरं-खोटं मले मालूम नाही, माही सासू सांगे ते सांगतो. दुसऱ्या दिवशी यमुताईले हाक मारली तं तिनं मागं पाहिलं नाही. नवरा हाका मारून राहिला, यमू, यमू... ती इकडं-तिकडं पाहे. कोणाले हाका मारता म्हणे. आपलंच नाव तिले वळखू ये नाही. मंग बोलणं गेलं. मंग खाणं. आठव्या दिवशी गेली."

चहा निवला होता.

"आणि गोपिकाबाई?"

"यमुताई मेली त्याच राती घरातून गेली. घरचे म्हणे माहेरी गेली. माहेरचे म्हणे आली नाही."

ताईंच्या अंगावर शहारा आला, तो थंडीचा की कशाचा हे त्यांनाही कळलं नाही. पण खरं सांगू? भीती नव्हती ती. त्यांना गोपिकाबाईंचा हेवा वाटला. एका रात्रीत मनातलं सगळं करून टाकलं बाईनं.

साडेसातला जिजाबाई उठली. समोरच्या बंगल्यात ती रोज पोळ्या करायला जायची. "नऊले येतो. पेटी आतल्या खोलीत ठेवली, स्वयंपाकघराले लागून. पाहत बसा."

"तुम्हाला भीती नाही वाटत, जिजाबाई? या घरात एकटीला?"

"मले काहून भेव वाटन?" जिजाबाईनं डोक्याला मफलर गुंडाळला. "मले वाचता येत नाही."

आणि ती गेली.

आतल्या खोलीत एक पिवळा बल्ब होता. पत्र्याची पेटी जमिनीवर. ताई सतरंजीवर बसल्या, झाकण उघडलं. वर जुन्या पेपरांचे थर. खाली अंक. एक नाही, गठ्ठेच्या गठ्ठे, सुतळीनं बांधलेले. मुखपृष्ठावर हलव्याचे दागिने घातलेली काळ्या चंद्रकळेतली नवरी. गृहसोबती. पौष अंक. जानेवारी १९५४.

ताईंच्या तोंडून हुंकार निघाला. सत्तर वर्षांत हा अंक कुणी पाहिला नव्हता. नूपुरच्या तक्त्यावरचा कोरा चौकोन! तो आता त्यांच्या मांडीवर होता. उद्या सकाळी सगळ्यांसमोर टेबलावर ठेवायचा. काही बोलायचं नाही. फक्त तिचं तोंड पाहायचं.

पहिलाच लेख होता, 'हलव्याला काटा कसा आणावा'. ताई वाचू लागल्या. असा लेख त्यांनी तीस वर्षांत वाचला नव्हता. थंडी कोणती हवी, निखारे किती, पाक कोणत्या वेळी थेंबभर आणि कोणत्या वेळी अर्धा थेंब. परातीत बोटं फिरवताना मनात घाई असली तर काटा धरत नाही. लिहिणारीचं सगळं आयुष्य त्या चार पानांत होतं. आणि लेखाखाली छापलं होतं, 'यमुताई'.

त्यावर शाईची रेघ. खाली बारीक, सरळ अक्षरात... गोपिका.

दुसरा अंक उघडला. तसंच. तिसरा. तसंच. गठ्ठ्यात खाली खाली जावं तशी रेघ जाड होत गेली. एकावर दोन, दोनावर चार. पुढे कागद फाटलेला. शेवटच्या अंकांत यमुताई हे नाव राहिलंच नव्हतं. तिथे नुसतं भोक.

ताईंनी पर्स उघडली. कात्रण काढलं. पेटीच्या झाकणावर पसरलं. नूपुर हसत होती.

"तुमचं यमुताईनं नेलं," उत्तराताई मोठ्यानं बोलल्या. रिकाम्या खोलीत, एकट्याच. "माझं हिनं. मी शिकवलं हिला. माझं पुस्तक हातात धरून हसतेय बघा."

बोलून झालं आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

तेव्हा आवाज आला.

स्वयंपाकघरातून. बारीक. खर्र... खर्र... परातीत काहीतरी फिरवल्यासारखा. कोरडे दाणे पितळेवर घासल्यासारखा.

उंदीर असेल. ताई तशाच बसल्या.

खर्र... खर्र...

आणि वास. गरम पाकाचा, निखाऱ्यांचा. सहा वर्षं ज्या स्वयंपाकघरात काडी पेटली नव्हती, तिथे.

आवाज थांबला.

"कोण आहे वं तिकडे?"

बाईचा आवाज. म्हातारा नाही, तरुणही नाही. दमलेला. सकाळभर रांधून दुपारी लिहायला बसलेल्या बाईचा असावा तसा.

ताईंनी हातातला अंक छातीशी धरला.

"तुझं काय नेलं?"

...

"बोल ना. माझं नाव नेलं. तुझं काय नेलं?"

ताईंनी पुढे सांगितलं ते असं, की त्या क्षणी भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी वर आलं. चार दिवसांत एका माणसानं विचारलं नव्हतं. सख्ख्या बहिणीनं फोनवर, पेपरात आलं वाटतं तुमच्या कॉलेजचं, एवढंच म्हटलं होतं. आणि इथे कुणीतरी विचारत होतं. ज्याला कळतं असं कुणीतरी.

"तीस वर्षं," ताई म्हणाल्या. आवाज फाटला. "माझी तीस वर्षं नेली."

"कोणी?"

...

"नाव सांग. लिहायचं आहे."

ताईंना जिजाबाईची गोष्ट आठवली नाही असं समजू नका. आठवली. आठवा दिवस आठवला. यमू, यमू अशा हाका आठवल्या. सगळं आठवत असताना त्या म्हणाल्या,

"नूपुर वैरागडे."

मग टाकाच्या निबाचा आवाज. सर्र... कागदावर.

झाकणाकडे नजर गेली. कात्रण तिथे नव्हतं.

सर्र...

फोन वाजला. ताई दचकून जवळजवळ ओरडल्याच. स्क्रीनवर नूपुर.

"मॅडम," नूपुर म्हणाली. मागे कामठीच्या घरातला टीव्ही चालू होता. "मॅडम, कसंतरीच होऊन राहिलं. आईला सांगत नाही, घाबरेल ती. मी आता प्रदर्शनाच्या कार्डावर सही करायला बसली, तर..."

सर्र...

"तर काय?"

"तर माझं..." नूपुर थांबली. "मॅडम, हसू नका. सही काय करायची ते आठवत नाही."

सर्र...

"माझं नाव... न... न..." श्वास जोरात येऊ लागला. "आई हाक मारून राहिली खालून. काहीतरी म्हणून राहिली. ते मलाच म्हणते का? मॅडम, मी कोण..."

सर्र... सर्र...

पुढे शब्द आले नाहीत. नुसता श्वास. टीव्हीचा आवाज. मधेच लांबून कुणीतरी बाई हाका मारतेय, नूपुर, ए नूपुर, जेवायला ये वं... आणि फोनजवळची मुलगी गप्प. त्या हाका तिच्या नव्हत्याच जणू.

ताई उठल्या. स्वयंपाकघराचं दार लोटलं.

आत अंधार. ओट्याखाली जमिनीवर लाल निखारे. त्यांच्या उजेडात एक पाठ. वाकलेली. केस नसलेल्या डोक्यावर पदर. चेहरा दिसला नाही, दिसू नये असंच ती बसली होती. पुढ्यात कात्रण. हातात टाक.

"थांबा," ताई म्हणाल्या.

टाक थांबला. वळली नाही.

"काहून?"

"ती... ती चोर नाही."

"नाव तूच दिलं."

"दिलं. मी दिलं." ताई दाराची चौकट धरून उभ्या होत्या. "फोन तिचा होता. तुमचे अंक मिळाले म्हणून जिजाबाईंनी तिला फोन केला होता. मी उचलला. मी नूपुर आहे म्हणून सांगितलं. इथं मी तिच्या नावानं आलेय. दुसऱ्याचं नाव... मी घेतलं."

निखारा तडकला.

"मग तुझं नाव काय?"

फोन अजून हातात चालू होता. त्यातून श्वास येत होता. बारीक होत चाललेला.

"उत्तरा," ताई म्हणाल्या. "उत्तरा देशकर."

"खोडू?"

...

"खोडा," ताई म्हणाल्या. "तिचं राहू द्या."

ती पाठ हलली नाही. मग खांदे हलले. रडली की हसली, ताईंना आजही सांगता येत नाही.

"यमू एकदा जरी असं बोलली असती..." ती म्हणाली. "एकदा. घरातल्या घरात. मला तेवढंच पुरलं असतं."

मग मागे न वळताच तिनं हात मागे केला. तळवा वर.

"हात दे."

ताईंनी उजवा हात दिला.

पुढचं त्यांना आठवत नाही.

नऊला जिजाबाई परतली तेव्हा उत्तराताई स्वयंपाकघरात फरशीवर बसलेल्या होत्या. दार उघडं, बल्ब चालू. निखारे नाहीत, राख नाही, फरशी बर्फासारखी. मांडीवर कात्रण. नूपुरचा फोटो जसाच्या तसा, नाव जसंच्या तसं, एक टिंब इकडचं तिकडे नाही. जिजाबाईनं खांद्याला धरून हलवलं. "नूपुर म्याडम! ओ नूपुर म्याडम!"

"मी नूपुर नाही," ताई म्हणाल्या. "माझं नाव उत्तरा आहे, जिजाबाई. मी तुमच्याशी खोटं बोलले."

जिजाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. मग आपला मफलर काढून त्यांच्या गळ्यात घातला.

फोनवर नूपुरचे सात मिस्ड कॉल होते. ताईंनी तिथूनच लावला. "मॅडम, कुठं होता तुम्ही?" नूपुरचा आवाज बसलेला, पण तिचाच. "मधेच मला काय झालं होतं कोण जाणे. आई म्हणते साखर कमी झाली. आता बरी आहे मी."

"तुझं नाव सांग," ताई म्हणाल्या.

"काय?"

"सांग ना गं. एकदा."

"नूपुर," ती म्हणाली. "नूपुर वैरागडे. मॅडम, तुम्ही रडून राहिल्या काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी सगळे अंक तिच्या टेबलावर नेऊन ठेवले आणि दार लावून तिला सगळं सांगितलं. फोनचं सांगितलं. नाव दिल्याचं सांगितलं. कात्रणाचंही, अकरा वेळा वाचल्याचंही. काहीच हातचं राखलं नाही.

नूपुरनं त्या अंकांवर हात ठेवला. मग म्हणाली, "पेपरवाल्यांनी विचारलं होतं मला, मॅडम. प्राध्यापिकेचं नाव काय म्हणून. मीच म्हटलं, नाव नका टाकू." तिनं मान वर केली नाही. "मी जिथं जाईन तिथं लोक तुमचंच नाव घेतात. देशकर मॅडमची विद्यार्थिनी. मला वाटलं, एकदा तरी काहीतरी माझं एकटीचं असावं. मला तुमचा हेवा वाटायचा."

ताईंना हसू आलं. मग नाही आलं.

त्यानंतर चार-पाच दिवस दोघी एकमेकींशी कामापुरतंच बोलल्या. माफ केलं वगैरे असं कुणी म्हटलं नाही. पण संक्रांतीला प्रदर्शन उघडलं तेव्हा दारातल्या फलकावर दोन्ही नावं होती, एकाखाली एक. आणि मधल्या काचेच्या पेटीत गृहसोबतीचा पौष अंक, हलव्याचं पान उघडून. खाली चिठ्ठी, ठळक अक्षरात, 'लेखिका : गोपिकाबाई, भिवापूर.' बायका थांबून थांबून वाचत होत्या. काही जणींनी मोबाइलवर कृती टिपून घेतली. हनुमाननगरातलं घर फेब्रुवारीत पाडलं. पाया खणताना काही सापडलं का, असं लोकांनी विचारलं. काही सापडलं नाही.

उत्तराताई ठरल्याप्रमाणे मेमध्ये रिटायर झाल्या. तब्येत ठणठणीत. नाव विचारलं तर चटकन सांगतात. सहीदेखील पूर्वीसारखीच करतात. त्या रात्री खोडा म्हणाल्या ते खोडलं गेलं नाही, असंच त्या धरून चालल्या होत्या.

नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो, माहीत आहे ना? माणूस जिवंत आहे म्हणून. आता ते मशीनवर अंगठा ठेवून होतं. ताई पंधरा नोव्हेंबरला सकाळी सेवा केंद्रात गेल्या. काउंटरवरच्या मुलीनं काचेचं छोटं यंत्र पुढे सरकवलं.

"अंगठा ठेवा, काकू."

ठेवला. लाल दिवा.

"पुसून ठेवा."

पुसला. लाल दिवा.

"दुसरं बोट ठेवा. तर्जनी."

लाल.

"मधलं."

लाल.

मुलीनं त्यांचा हात आपल्या हातात घेतला, उताणा केला आणि टेबललॅम्प जवळ ओढला. वयानं रेषा पुसट होतात, हे ती रोज पाहते. लोशन लावून घेते, परत ठेवते, होऊन जातं. पण ती बघतच राहिली. मग उजवा हात खाली ठेवून तिनं डावा घेतला, दिव्याखाली धरला. परत उजवा. डाव्या हातावर सगळ्या रेषा होत्या, कुणाच्याही असतात तशा.

"काकू," ती हळूच म्हणाली, "या हाताची बोटं... कधी भाजली होती का?"

"नाही."

"ऑपरेशन वगैरे?"

"नाही गं. काहून?"

मुलीनं त्यांचीच बोटं त्यांच्या डोळ्यांपुढे धरली. पाचही. काचेसारखी गुळगुळीत... आणि कोरी.